फ्रेंच कनेक्शनचा मुद्देमाल

१९७१ च्या ऑक्टोबरांत ‘दि फ्रेंच कनेक्शन’ हा बोलपट न्यूयॉर्कमध्यें लागला आणि त्याच्या रखरखीतपणानें प्रेक्षक चकित झाले. पोलीस म्हणजे शूर आणि निर्मळ पुरुष, ही बोलपटांची जुनी रीत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यानें येथें साफ मोडली. जीन हॅकमननें वठविलेला नायक, ‘पॉपाय’ डॉइल, तोंडाचा शिवराळ, मनाचा आकसखोर आणि पाठलागाच्या नादानें आंधळा झालेला आहे. उंच खांबांवरून धांवणाऱ्या आगगाडीचा त्यानें खालून मोटारींतून केलेला पाठलाग सर्वांच्याच स्मरणांत राहिला. परंतु त्याहून बोलका प्रसंग दुसराच आहे. हेरॉइनचा फ्रेंच व्यापारी ऊबदार उपाहारगृहांत सावकाश, चवीनें जेवीत बसला आहे, आणि बाहेर रस्त्यावर कडाक्याच्या थंडींत डॉइल उभ्या उभ्या पिझाचा तुकडा चावतो, बेचव कॉफीचा घोट घेतो आणि उरलेली ओतून देतो. कायदा आणि गुन्हा यांपैकीं सुखांत कोण, हें सांगावयास तेथें एकहि शब्द लागत नाहीं.

ही कथा सर्वस्वीं रचलेली नव्हे. १९६१ च्या ऑक्टोबरांत एडी एगन आणि सनी ग्रोसो हे न्यूयॉर्कचे दोन गुप्त पोलीस काम आटोपून कोपाकबाना या नाचगाण्याच्या विलासगृहांत गेले असतां एक इसम हात सैल सोडून पैसे उधळतांना त्यांना दिसला. हा गृहस्थ ब्रुकलिनमध्यें लहानसें खाद्यगृह चालवीत असे. त्या धंद्यांत इतका पैसा सुटणें शक्य नव्हतें. संशयाचा हा धागा ओढतां ओढतां थेट मार्सेय बंदरापर्यंत जाऊन पोंचला. तुर्कस्तानांतील शेतकरी औषधासाठीं परवान्यानें अफू पिकवीत. तिचा कांहीं भाग चोरून विकला जाई, मार्सेयच्या गुप्त कारखान्यांत तिचें हेरॉइन होई आणि तें अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत उतरे. १९६२ च्या जानेवारींत फ्रेंच दूरचित्रवाणीवर झळकणारा जाक आंजेल्वँ हा आपली ब्यूक मोटार बोटीवर घालून न्यूयॉर्कला आला. त्या मोटारीच्या पत्र्याआडच्या पोकळींतून सुमारें ११२ पौंड हेरॉइन आलें, असें या प्रकरणाच्या इतिहासांत नमूद आहे. मोठा सांठा पकडला गेला, धरपकड झाली, आंजेल्वँला शिक्षा झाली. टोळीचा फ्रेंच म्होरक्या मात्र निसटला. बोलपटांतहि तो निसटतोच.

येथवरची हकीगत पुष्कळांना ठाऊक असते. पकडलेल्या मालाचें पुढें काय झालें, हें मात्र बोलपटांत नाहीं, आणि असणें शक्यहि नव्हतें.

जप्त केलेला माल पोलिसांच्या मुद्देमालाच्या कोठारांत, मॅनहॅटनमधील ब्रूम स्ट्रीटवर, मोहरबंद होऊन पडला होता. न्यायालयांत दाखविण्याकरितां म्हणून पोलीस अधिकाऱ्यानें वहींत सही केली कीं पुडकें बाहेर नेतां येई. व्यवस्था विश्वासाची होती, आणि विश्वासानेंच तिचा घात केला. १९६९ पासून १९७२ च्या आरंभापर्यंत कोणीतरी खोट्या सहीनें पुडकीं नेत राहिलें, आणि कोठारांत हेरॉइनच्या जागीं मैदा व मक्याचें पीठ येऊन बसलें. १९७२ च्या एप्रिलांत त्या बोलपटाला पांच ऑस्कर पारितोषिकें मिळालीं, तेव्हां त्यांत गौरविलेल्या छाप्याचा माल कोठारांतून नाहींसा झालेला होता! डिसेंबरांत हा प्रकार उघडकीस आला तो कोणा चतुर गुप्त पोलिसामुळें नव्हे. पुडक्यांना किडे लागले होते. पिठाला कीड कशी लागते हें कोणत्याहि गृहिणीनें त्यांना सांगितलें असतें.

मोजदाद झाली तेव्हां या व इतर खटल्यांतील मिळून सुमारें ४०० पौंड हेरॉइन व कोकेन गेल्याचें आढळलें. म्हणजे ज्या विषासाठीं दोन माणसांनीं थंडींत रात्रीमागून रात्री काढल्या, तेंच पोलिसांच्या दारांतून पुनः बाजारांत गेलें. व्यापाऱ्यांना या खेपेस समुद्र ओलांडण्याचेंहि कष्ट पडले नाहींत. पोलीस खात्यांतील कोणाकोणाचे हात त्यांत होते याचा पुरता उलगडा कधींच झाला नाहीं. चोरीमागें ज्याचें नांव घेतलें जाई, तो व्हिन्सेंट पापा १९७७ मध्यें अटलांटाच्या तुरुंगांत भोसकला जाऊन मेला.