किती औषध पुरेसे?

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आदिलाबाद मागे टाकून निर्मलकडे वळतो, त्या वाटेवर नेरडीगोंडा हे गाव आहे. येथील एखाद्या स्त्रीच्या स्तनात कर्करोगाची गाठ आढळली, तर तिला उपचारासाठी बहुधा नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली तरी एक प्रश्न उरतोच : पुढे किमोथेरपी घ्यावयाची की नाही? या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

१८९४ साली अमेरिकेतील हॉल्स्टेड या शल्यविशारदाने स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सारे एकत्र काढून टाकण्याची आपली पद्धती प्रसिद्ध केली. जितके अधिक कापावे तितका रोग दूर, ही समजूत त्यानंतर कित्येक दशके टिकली. पुढे बर्नार्ड फिशर यांनी रुग्णांचे गट पाडून तुलना केली, आणि लहान गाठ काढून किरणोपचार दिल्यास आयुर्मान घटत नाही, हे १९८५ साली दाखविले.

शस्त्र आवरते घेतले गेले, त्याच सुमारास औषध मात्र पसरत होते. १९७६ साली मिलान येथील बोनादोना यांनी सिद्ध केले की, काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची किमोथेरपी दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते. हा मोठाच विजय होता. परंतु पुढे ज्यांच्या ग्रंथी निर्दोष होत्या, अशाही अनेकींना ती दिली जाऊ लागली. त्यांतील कित्येक जणी औषधावाचूनही बऱ्या राहिल्या असत्या; मात्र त्या कोणत्या, हे सांगण्याचे साधन नव्हते.

ते साधन जनुकांनी दिले. २००२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी गाठीतील ७० जनुकांवरून रोगाचे भवितव्य वर्तविले. २००४ साली अमेरिकेत २१ जनुकांची चाचणी पुढे आली. यांपैकी १६ जनुके कर्करोगाशी निगडित, तर ५ तुलनेपुरती. शस्त्रक्रियेत काढून मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावरच ती होते, आणि शून्य ते शंभर असा अंक देते. ती सर्वांसाठी नाही. ज्यांची गाठ संप्रेरकांवर पोसली जाते आणि हर-टू या प्रथिनाचे आधिक्य दाखवीत नाही, अशा प्रारंभीच्या रोगासाठी ती मुख्यतः उपयोगी पडते. अशा, ग्रंथी निर्दोष असलेल्या १०,२७३ स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१८ साली आला. अंक ११ ते २५ असणाऱ्यांत केवळ संप्रेरकरोधक औषधे घेणाऱ्या स्त्रिया किमोथेरपी घेणाऱ्यांपेक्षा मागे पडल्या नाहीत. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र अंक १६ च्या पुढे गेल्यास किमोथेरपीचा काही लाभ दिसला.

ही परदेशी चाचणी लाखांच्या घरात जाते. बंगळूर येथे डॉ. मंजिरी बाकरे यांच्या संस्थेने जनुकांऐवजी पाच प्रथिने तपासणारी तुलनेने स्वस्त चाचणी सिद्ध केली, ती याच गरजेतून. उपचार टळला म्हणजे केवळ औषधाचे पैसे वाचत नाहीत. उलट्या, केसगळती, जंतुसंसर्गाचे भय आणि दूरच्या प्रवासात बुडणारी मजुरी हेही टळते.

तथापि, श्रोतेहो, जनुकांची ही किमया प्रारंभीच येणाऱ्या स्त्रीलाच लाभते. आपल्याकडे अनेक जणी उशिरा येतात, आणि मग अंक पाहण्याची सवडच राहत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी करविली. ती करणाऱ्या महिला डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षित कार्यकर्त्या होत्या. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी आढळले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. म्हणून प्रयोगशाळा गावापासून कितीही दूर असो, तिच्याकडे नेणारे पहिले पाऊल गावातच, जाणत्या हाताच्या तपासणीने, टाकता येते.