साठवणुकीतील अन्न आणि कायद्याचा अंमल : कतारगामचा धडा

सुरत शहराच्या उत्तर भागातील कतारगाम परिसरातला वेड रोड सप्टेंबर १९९४ मध्ये देशभर चर्चेत आला. तापीचा पूर ओसरल्यानंतर येथील कामगार वस्त्यांत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. या वस्त्यांत महाराष्ट्रातून पोटासाठी आलेली अनेक कुटुंबे राहत होती.

तत्पूर्वी बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आढळला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोक भीतीने घराबाहेर राहू लागले आणि घरात साठवलेल्या धान्यावर उंदीर वाढले. या दोन उद्रेकांचा परस्परसंबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. शिवाय हा रोग मुख्यतः धान्य खाल्ल्याने नव्हे, तर उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाला होतो. तथापि निष्काळजीपणे साठवलेले अन्न उंदरांना पोसते, हे येथे स्पष्ट दिसून येते.

कायदा नव्हता असे नाही. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ नुसार अस्वच्छ जागी ठेवल्याने दूषित झालेले किंवा किडलेले अन्न ‘भेसळयुक्त’च ठरत होते. परंतु अंमलबजावणीचा भर नमुन्यावर होता. अन्न निरीक्षक नमुना घेई, त्याचे तीन भाग मोहोरबंद होत, एक विश्लेषकाकडे जाई आणि पुढे खटला चाले. काजूच्या एका खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने केवळ कीड दाखवणे पुरेसे मानले नाही. माल मानवी सेवनास अयोग्य असल्याचा पुरावा आवश्यक ठरवला. निकाल लागेपर्यंत गोदामाची स्थिती मात्र तशीच राहू शकत असे.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव सुरतचे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून अधिकार विभागीय पातळीवर दिले आणि अधिकाऱ्यांना रोज प्रत्यक्ष पाहणीस पाठवले. अस्वच्छ उपाहारगृहांवर कारवाई झाली. त्यातून बड्या हॉटेलांनाही सूट मिळाली नाही. कायदा जुनाच होता, अंमल नवा होता.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्यात सुधारणा नोटिशीची तरतूद आहे आणि परवान्याच्या अटींत साठवणुकीची स्वच्छता व कीड-उंदीर नियंत्रण यांचा समावेश आहे. म्हणजे कायद्याची नजर आता नमुन्याबरोबर कोठीघरापर्यंत पोचली आहे. परंतु कोठीघराचे दार उघडून पाहणारे कोणी नसेल, तर ही तरतूदही कागदावरच राहील. आपल्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांतील कोठीघरेही याला अपवाद नाहीत.