पैठणीला पावडर नको

भौगोलिक मानांकन लाभलेली येवल्याची पैठणी नाशिककरांच्या घरोघरी जपली जाते. लग्नसमारंभात तिच्यावर डाग पडला, की हात धुलाईच्या पावडरीकडे वळतो. नेमके हेच टाळावे. रेशीम हे प्रथिन आहे आणि अनेक पावडरींत रक्त, दूध, अंडे यांच्या डागांसाठी प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात. सुती कापडास ती निर्धोक. रेशमी धागा मात्र त्यांनी कमकुवत होतो. म्हणून पुड्यावर 'एन्झाइम' हा शब्द आहे का, हे पाहावे. क्लोरीनयुक्त ब्लीचनेही रेशीम पिवळे पडते.

सुती कपड्यांसाठी :
रक्त : थंड पाण्यातच धुवावे. गरम पाण्याने प्रथिन गोठून डाग पक्का होतो.
हळद : साबण लागताच डाग लाल होतो, घाबरू नये. पांढरे कापड धुऊन उन्हात वाळवावे, डाग फिका पडतो.
तेल : टाल्कम पावडर भुरभुरून तेल शोषू द्यावे, मग धुवावे.

पैठणीसाठी :
डाग चोळू नये, पाणी लावू नये. तेल सांडल्यास टाल्कम भुरभुरून अलगद झटकावी. त्यानंतर साडी ड्रायक्लीनिंगला द्यावी आणि डाग कशाचा आहे, हे आवर्जून सांगावे.