तापलेला प्रोसेसर आणि २००४ साल

मे महिन्यात मालवणच्या उन्हात रील्स बघताना फोन तापतो आणि आपोआप मंद होतो, हे तुम्ही बघितलंच असेल. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. हे शहाणपण त्याला आलं कुठून? आज तोच इतिहास.

२००४ पर्यंत प्रोसेसर कंपन्यांची शर्यत एकच होती: गिगाहर्ट्झ वाढवा! पण वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दुप्पट, तर खर्च चौपट. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मे २००४ मध्ये इंटेलने आपला 'तेजस' चिप-प्रकल्प रद्द केला. नाव तेजस, आणि नडलं ते तेजच!

त्याच वर्षी लिनक्सच्या २.६.९ कर्नेलमध्ये 'ऑनडिमांड' गव्हर्नर आला. गव्हर्नर म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा कारभारी. काम आलं की वेग चढवायचा, काम संपलं की उतरवायचा. अँड्रॉइड लिनक्स कर्नेलवरच चालतं, म्हणून हा कारभारी तुमच्या खिशातही पोचला.

आपल्या पुण्यातही हाच हिशोब चालला. सी-डॅकचा 'परम युवा २' २०१३ मध्ये कमी विजेत जास्त काम करणाऱ्या संगणकांच्या ग्रीन५०० यादीत जगात ४४वा आला. पुढे आयसर पुण्याच्या 'परम ब्रह्म'मध्ये तर उष्णता काढायला द्रव थेट प्रोसेसरजवळ खेळवला.

आता आपल्या किनाऱ्यावर या. मे २०२१, तौक्ते वादळ. विजेचे खांब आडवे, सिंधुदुर्गात गावंच्या गावं काळोखात. आमच्या घरी इन्व्हर्टरही संपला. उरली फक्त माझ्या लॅपटॉपची बॅटरी, आणि तिच्यावरच घरातले फोन चार्ज करायचे होते. मी 'पॉवरसेव्ह' गव्हर्नर लावला, टर्बो बंद केला, स्क्रीन मंद केली. पंखा शांत झाला. लॅपटॉप रखडत चालला, पण फोन जिवंत राहिले. रेंज आली तेव्हा मुंबईच्या काकांना कळवता आलं, "सगळे बरे आसत."

म्हणजे वेग कधी सोडायचा हे कळणं हीसुद्धा इंजिनिअरिंगच. आता फोन तापला तर कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र नको, आपल्या दमट हवेत बाहेर काढताच त्यावर पाणी धरेल.

भेटूया पुढच्या भागात!