दुसऱ्या खर्ड्याचे वाचक

कादंबरीचा दुसरा खर्डा झाला की आपला नवा लेखक तो दादर-गिरगावातल्या एखाद्या जाणत्या साहित्यिकाला दाखवतो. बहुधा भाषा सोवळी होऊन परत येते. मला येथे ‘गोलपिठा’चा इतिहास आठवतो. तो कवितासंग्रह आहे, पण प्रश्न तोच. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या या पहिल्या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. कामाठीपुऱ्याची बोली या पांढरपेशा नाटककाराला परकी होती. अडलेले शब्द त्यांनी कवीलाच विचारले, त्याच्यासोबत ती वस्ती पाहिली, आणि आपले अज्ञान प्रस्तावनेत उघड मांडले. कवितेतले शब्द मात्र जागचे हलले नाहीत.

असा बाहेरचा वाचक एक असावा. तेवढ्याने भागत नाही. लालबाग-परळच्या गिरणगावावर लिहिले असेल, तर मी तरी खर्डा आधी १९८२ च्या संपात घर चालवलेल्या बाईकडे नेईन. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे. ती कुठे हसते, कुठे गप्प होते, ते समासात टिपावे. ‘आम्ही असं बोलत नव्हतो’ म्हणाली, तर तिथेच थांबून विचारावे : मग कसं?