सखाराम बाइंडर: राग, वासना आणि आपलं घर

आजचा भाग मोठ्यांसाठी आहे. लहान मुलं जवळ असतील तर नंतर ऐका.

१९७२ साली विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणलं. सखाराम झाले निळू फुले, चंपा झाल्या लालन सारंग. पुस्तकबांधणी करणारा हा माणूस नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणतो. अन्नवस्त्र देतो, मोबदल्यात घरकाम आणि शरीर मागतो. लक्ष्मीला तो मारतो. चंपा त्याला सोसता यावं म्हणून दारू पिते. शेवटी त्याचं पुरुषत्व साथ देईना, त्यातच चंपाचे दुसऱ्याशी संबंध असल्याचं कळतं आणि तो तिचा गळा दाबतो.

नाटकावर अश्लीलतेचा शिक्का बसला, प्रयोग थांबले. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले.

योगायोग पाहा. १९७१ साली अमेरिकेत डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी चिडवलेल्या तरुणांना वेगवेगळे चित्रपट दाखवले आणि मग चिडवणाऱ्याला विजेचे झटके द्यायची संधी दिली. मारामारीचा चित्रपट पाहिलेल्यांपेक्षा कामुक चित्रपट पाहिलेल्यांनी जास्त तीव्र झटके दिले. झिलमनचं म्हणणं असं: धडधडणारं काळीज लगेच शांत होत नाही. एका कारणाने उठलेली खळबळ दुसऱ्या भावनेच्या खात्यात जमा होते. पुढच्या काही प्रयोगांत सौम्य चित्रांनी राग उलट निवळलाही. म्हणजे वासना माणसाला हिंसक बनवतेच असं नाही. आधीपासून धुमसणारा राग हवा, आणि समोरच्यावर आपला हक्क आहे ही समजूत असली तर तो राग तिच्यावरच निघतो. सखारामकडे दोन्ही होतं.

म्हणून ‘त्याचा तोल गेला’ हे वाक्य आपण जपून वापरायला हवं. शरीराची खळबळ हे कारण असेल, पण हात उचलायची परवानगी त्यातून मिळत नाही.

बिशानमधल्या श्रोत्यांनो, इथला कायदा हेच सांगतो. बलात्काराच्या गुन्ह्यात पतीला मिळणारं संरक्षण सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून पूर्ण काढून टाकलं. भारतात २०२४ साली लागू झालेल्या न्याय संहितेत, पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर, ते अजून आहे.

वयात आलेल्या मुलाशी हे बोलायला आपण लाजतो. ‘चिडला असशील तर आधी बाहेर एक फेरी मारून ये, आणि नाही म्हणजे नाही,’ एवढं तरी त्याला घरातूनच कळू द्या.