महासत्तांमधील ‘दीर्घ शांतता’

जपानने २ सप्टेंबर १९४५ रोजी शरणागतीपत्रावर स्वाक्षरी केली आणि दुसरे महायुद्ध संपले. तेव्हापासून जगातील बड्या सत्तांनी एकमेकींविरुद्ध युद्ध पुकारलेले नाही. या कालखंडास अमेरिकी इतिहासकार जॉन लुईस गॅडिस यांनी १९८६ मध्ये ‘दीर्घ शांतता’ असे संबोधले. युरोपातील बड्या सत्तांनी आपल्या भूमीवर परस्परांशी युद्ध टाळल्याचा यापूर्वीचा प्रदीर्घ काळ १८७१ ते १९१४ हा होय. तो ४३ वर्षांचा होता.

‘शांतता’ हा शब्द मात्र येथे जपूनच वापरावा लागतो. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चिनी फौजा यालू नदी ओलांडून युद्धात उतरल्या. अमेरिकी सैन्याशी त्यांची थेट गाठ पडली. चीनने त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले. युद्ध पुकारले नाही. आकाशातील प्रकार त्याहून विलक्षण होता. नोव्हेंबर १९५० पासून सोव्हिएत वैमानिक ‘मिग-१५’ विमानांतून अमेरिकी विमानांशी लढत होते. विमानांवर चीन वा उत्तर कोरियाची चिन्हे असत. समुद्रावर किंवा आघाडीपलीकडे जाण्यास वैमानिकांना मनाई होती. एखादा जरी शत्रूच्या हाती सापडला असता तरी बिंग फुटले असते. रेडिओवर रशियन बोलू नये, असाही दंडक होता. पण ऐन चकमकीत मातृभाषाच तोंडी येई आणि ती अमेरिकी श्रवणकेंद्रांत ऐकू जाई. वॉशिंग्टनला हे ठाऊक होते. तथापि ते जाहीर केल्यास जनमताच्या रेट्याखाली सोव्हिएत संघाशी युद्ध ओढवेल, या भीतीने तेथेही मौन पाळले गेले. दोन शत्रूंनी मिळून राखलेल्या या गुपिताचा सविस्तर तपशील शीतयुद्ध संपल्यावरच बाहेर आला.

या संयमामागे अण्वस्त्रांचा धाक होता, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण व्यापारी हितसंबंधांकडे बोट दाखवतात. परंतु १९१४ मध्ये ब्रिटन व जर्मनी यांच्यातील व्यापारही भरभराटीस आलेला होता. धाकाचे गणितही वाटते तितके पक्के नव्हते. क्यूबा पेचप्रसंगात, २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, ‘बी-५९’ या सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी अमेरिकी युद्धनौकांनी तिच्याभोवती इशाऱ्याचे स्फोट केले. पाणबुडीत आण्विक टॉर्पेडो होता, याची अमेरिकनांना कल्पना नव्हती. पाणबुडीवरील अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी संतप्त कप्तानाला आवरल्याचे त्यांच्या सहकाऱ्याने पुढे सांगितले. पुढच्याच वर्षी मॉस्को-वॉशिंग्टन ‘हॉटलाइन’ सुरू झाली. चित्रपटांतला लाल टेलिफोन कल्पनेतला. प्रत्यक्षात ते टेलिप्रिंटर होते.

या काळाची किंमत इतरांनी मोजली. कोरिया, व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानात लाखो माणसे मेली. त्या युद्धांमध्ये महासत्तांची शस्त्रे होती आणि अनेकदा सैन्यही. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतील एका बेटावरून चीन आणि सोव्हिएत संघ यांच्यात रक्तरंजित चकमकी झाल्या, तेव्हा दोन्ही देश अण्वस्त्रधारी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर अमेरिकेने युक्रेनला शस्त्रे दिली, लढण्यासाठी सैन्य मात्र धाडले नाही. दरम्यान, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील १९८७ चा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला होता, तर दीर्घ पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या करारातील सहभाग रशियाने २०२३ मध्ये स्थगित केला.